दोरी सोडायचा शब्द

टण. टण. टण.

पिल्नामने जहाजाच्या पत्र्यावर हातोडीचे तीन ठोके मोजून मारले आणि वर फळ्यांवर बसलेल्या पाच बायकांनी कमरेच्या दोऱ्या सोडल्या. एकेक करून त्या शिडीवर आल्या, खाली उतरल्या आणि डोक्याची फडकी सोडून त्यांतला गंज झटकायला लागल्या. साडेचार वाजले होते. मासेमारीच्या त्या जुन्या जहाजाची डावी कूस निम्मी खरवडून झाली होती, निम्मी उद्यावर होती.

"मुकादमबाई, एक विचारू?" हादोंगवाली म्हणाली. गावावरून हाक मारायची इथली रीत. ही हादोंगकडची, म्हणून हादोंगवाली. पन्नाशीची होती, पण टोळीत तीच सगळ्यांत धाकटी आणि तीच नवी.

"विचार."

"आमच्याकडं शेतात राबणाऱ्या बायकासुद्धा दिवस मावळताना एकमेकींस्नी योकपात्ता म्हणतात. हितं गोदीत म्हणत न्हाईत व्हय? दोन महिने झाले, तुमच्या तोंडून एकदाबी ऐकलं न्हाई."

बाकीच्या चौघी एकदम फडक्यांच्या घड्या करण्यात गुंतल्या. एकीने हादोंगवालीच्या दंडाला चिमटासुद्धा काढला. पण चिमटा काढायचा तो प्रश्नाच्या आधी काढायचा असतो.

"तुझ्या हातोडीचा दांडा ढिला झालाय," पिल्नाम म्हणाली. "उद्या आल्याआल्या पाचर मार. न्हाईतर कुणाच्या तरी डोक्यात घालशील."

आणि डब्याची पिशवी उचलून ती चालायला लागली.

बुसानच्या योंगदो बेटावर जहाजांचा गंज आणि बुडाला चिकटलेली कालवं हातोडीने ठोकून काढणाऱ्या बायकांना कांगकांगीवाल्या म्हणतात. हातोडीच्या आवाजाचंच नाव त्यांना पडलं. एके काळी या धक्क्यावर अशा दोनशे बायका लटकलेल्या असायच्या. आता ही एक टोळी उरली होती आणि तिची मुकादम ओक पिल्नाम, वय वर्षं सत्तर. पिल्नाम म्हणजे 'आता नक्की मुलगा'; आईबापांना पुढचा मुलगा हवा होता म्हणून हिचं नाव असं ठेवलं. नावातच नकुशीपण घेऊन आलेली बाई. कामात कडक, तोंडाची फटकळ, पण माणूस वाईट नाही असं सगळी गोदी म्हणायची. फक्त तो एक शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं एवढं काय? पण योकपात्ता हा शब्द या मुलखात मिठासारखा आहे. त्याची फोड करायला जाऊ नये. फोड केली तर 'शिव्या खाल्ल्यास', 'अब्रू गेली तुझी' असलं काहीतरी भलतंच हाती लागतं. पिल्नामची सून सोलची. लग्नानंतर पहिल्यांदा पंधरा माणसांचा स्वयंपाक करून उठली आणि चुलतसासरे मायेनं तिला योकपात्ता म्हणाले, तर पोरगी न्हाणीघरात जाऊन रडली. मग शेजारणीने तिला समजावलं, अगं, सोसलंस, कष्टलीस, आणि ते आम्ही पाहिलं, असं म्हणतात ते. परीक्षा देऊन आलेल्या पोराला म्हणतात. चढावर फ्रीज वाहून नेणाऱ्या हमालाला म्हणतात. बाळंतिणीला म्हणतात, तिच्या आईला म्हणतात, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला म्हणतात. समोरचा अजून कामातच असेल आणि आपण निघालो असू, तर 'योकपोइसो' म्हणून निघतात, म्हणजे तुमचं चालू द्या, सोसा. आणि माणूस मेलं की पेटीचं झाकण लावायच्या आधी घरचे एकेक जण त्याच्या कपाळाला हात लावून तोच शब्द म्हणतात. त्यावर आणखी काही बोलायची गरज नसते.

सुनेला तीस तास कळा आल्या तेव्हा दवाखान्यात सगळ्यांनी तिला योकपात्ता म्हटलं. पिल्नामने समुद्रशेवाळाच्या सुपाचा वाडगा पुढे केला आणि म्हणाली, "गरम हाय तोवर पी." सुनेने ते लक्षात ठेवलं. नवरा दीड वर्ष फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरुणावर होता. त्याला पेटीत ठेवलं तेव्हा पिल्नामने त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, एक सुरकुती होती ती हाताने दाबली, आणि मागे सरली. नणंदा आपसांत कुजबुजल्या. दगड आहे बाई, म्हणाल्या.

ती दगड नव्हती. पण तिने तोंडाला कुलूप का लावलं होतं, हे ठाऊक असणाऱ्या टोळीतल्या जुन्या बायका एकेक करून गेल्या. आता ठाऊक असणारी एक ती स्वतः, आणि दुसरी चढावर एकशे बारा पायऱ्या चढून गेलं की लागणाऱ्या खोलीतली दोक्सिम. म्हणजे दोक्सिमला ठाऊक आहे की नाही, हेच पिल्नामला चौतीस वर्षं ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी सकाळी दोक्सिमच्या मुलाचा, दुसिकचा, फोन आला होता. "मावशी, आईला उद्या डेजॉनला नेतोय. माझ्या घराजवळ वृद्धाश्रम आहे, चांगला आहे. तुम्हाला सांगावं म्हटलं." तो तिकडे मोठ्या शहरात राहून शुद्ध बोलायला लागला होता.

"उद्या?"

"सकाळी नऊला निघू."

दिवसभर हातोडी चालवताना पिल्नामच्या डोक्यात तेवढंच होतं. दोक्सिम चौऱ्याहत्तरची. डेजॉनला गेलेलं म्हातारं माणूस योंगदोला परत येत नाही. सांगायचं तर आज, नाहीतर कधीच नाही.

काय सांगायचं होतं, ते आधी सांगतो.

फळीवरच्या बायकांचा एक नियम होता, अजून आहे, फक्त त्यातला शब्द तेवढा गेला. काम संपलं की दोरीला बांधलेली बादली फिरते. प्रत्येकीने आपली हातोडी त्यात टाकायची, म्हणजे उतरताना कुणाच्या डोक्यात पडायला नको. मग वरची माणसं लटकत्या फळ्या ओढून शिडीला घट्ट बांधतात. मुकादमाने बादलीतल्या हातोड्या मोजायच्या, फळ्या बांधल्या की नाही ते बघायचं, आणि मगच मोठ्याने म्हणायचं, योकपात्ता! तो शब्द कानावर पडला की कमरेची दोरी सोडायची आणि शिडीवर पाय ठेवायचा. आधी नाही. वर्षानुवर्षं असं केलं की बाईचं डोकं विचार करत नाही. शब्द ऐकू आला की हातच गाठीवर जातो.

चौतीस वर्षांपूर्वी चुसोकच्या आदल्या दिवशी पिल्नामला मुकादम होऊन तीन आठवडे झाले होते. सण दुसऱ्या दिवसावर, प्रत्येकीला गावी जायचं होतं, गजे बेटाला जाणारी पाचची बोट पिल्नामला स्वतःला गाठायची होती. बादली खाली आली. तिने हातोड्या मोजल्या, आठ. बायका आठ. समोरच्या फळ्या बांधलेल्या दिसत होत्या. ती ओरडली, "योकपात्ता! चला, पोरीनो, सणाला!"

दोक्सिम मागच्या बाजूला सुकाणूपाशी होती, जिथं खालून दिसत नाही. तिने हातोडी बादलीत टाकली होती, पण सुकाणूच्या कडेला वीतभर कालवं राहिली होती आणि अर्धवट काम टाकून सणाला जाणाऱ्यांतली ती नव्हती. लोखंडी उलथन्याने ती उरलेली कालवं काढत होती. तिची फळी अजून बांधायची होती. शब्द ऐकला, हात गाठीवर गेला, दोरी सुटली. पाय शिडीकडे टाकला तशी फळी झुलली.

दोन मजल्यांवरून सिमेंटवर. उजवा पाय मांडीत आणि घोट्यात, दोन्हीकडे मोडला.

कार्यालयातला माणूस वही घेऊन आला. विचारलं, "दोरी सोडायला हिला कुणी सांगितलं?"

बाकीच्या सातजणी आपापल्या पायांकडे बघत राहिल्या. पिल्नाम म्हणाली, "कुणी न्हाई. तिनंच सोडली असंल."

झालं. कागदावर तेच उतरलं: स्वतःच्या निष्काळजीपणाने. दोक्सिम शुद्धीवर आली तेव्हा शाई वाळली होती. ती पुन्हा फळीवर चढली नाही. मासळी बाजारात बसून कोळंब्या सोलायच्या कामाला लागली आणि उजवा पाय काठीसारखा ताठ पुढे ठेवून बसायची.

आणि पिल्नाम दर रविवारी काहीतरी शिजवून एकशे बारा पायऱ्या चढायची. चौतीस वर्षं. त्या दिवसाबद्दल दोघींनी एक अक्षर काढलं नाही. तो शब्द पिल्नामच्या तोंडात पुन्हा आला नाही. त्याऐवजी तिने ठोके ठरवले, तीन. आणि हातोड्या मोजायच्या सोडून ती माणसं मोजायला लागली, जहाजाला पूर्ण वळसा घालून.

त्या दिवशी रविवार नव्हता. तरी घरी जाऊन पिल्नामने मुळा घालून बांगडा शिजवला, डबा फडक्यात बांधला आणि पायऱ्या चढली. मध्ये तीनदा थांबली. गुडघ्यांमुळे दोनदा, तिसऱ्यांदा नुसतीच.

दारात दुसिक खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावरचे केस उडालेले. "या मावशी," म्हणून तो बाजूला झाला.

दोक्सिम आत खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. ताठ पाय नेहमीसारखा पुढे. "आलीस? आज काय रविवार हाय व्हय?"

"न्हाई. बांगडा आणलाय."

"आँ?"

"बांगडा!"

"ओरडू नको, वास आला मला."

कांगकांगीवाल्यांचे कान कामातच जातात. पिल्नामचा डावा अर्धा गेला होता. दोक्सिमने हे काम कधीच सोडलं, तरी फळीवरच्या बारा वर्षांत जायचे ते गेले होते आणि म्हातारपणाने उरलेलं उरकलं. दुसिकने घेऊन दिलेलं कानातलं यंत्र ती बटणांच्या डबीत ठेवायची; ते लावलं की भांडी आपटल्यासारखं होतं म्हणायची.

पिल्नाम तिच्यासमोर टेकली. येताना तिने वाक्यं जुळवून आणली होती. हळू सांगायचं, दुसिकच्या कानावर जायला नको, असं ठरवलं होतं.

"अक्का," ती पुटपुटली, "त्या दिवशी शब्द मी काढला गं."

"आँ?"

"त्या दिवशी… शब्द…"

"मोठ्यानं बोल बाई! नुसतं ओठ हलवू नको. तुझे पुढचे दात गेलेत, मला ओठ वाचता येत न्हाईत."

पिल्नामने दाराकडे पाहिलं. चिकटपट्टीचा चर्रचर्र आवाज येत होता. शेजारच्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी थोबाडीत मारत होतं. भिंती अशा की शेजाऱ्याने शिंकलं तर इकडे म्हणावं, जपा. चौतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आता गल्लीभर ओरडून सांगायची होती. उठून निघून जावं असं तिला खरंच वाटलं. डबा तर देऊन झाला होता.

ती उठली नाही.

"त्या दिवशी शब्द मी काढला!" ती ओरडली. "तुझी फळी बांधलेली नव्हती! मी हातोड्या मोजल्या, माणसं न्हाई मोजली! मला बोट गाठायची होती! आणि सायबानं विचारलं तवा मी खोटं बोलले! तुझी चूक न्हवती, अक्का, माझी होती!"

चिकटपट्टीचा आवाज थांबला. शेजारचा टीव्हीही कुणीतरी बारीक केला.

दोक्सिमने हातातला मोजा उलटा करून बघितला, त्याला भोक होतं, बाजूला टाकला.

"झालं?"

"झालं."

"एवढं सांगायला चौतीस वर्षं लागली व्हय तुला? मी काय बहिरी होते तेव्हा? आवाज कुणाचा हे मला कळंना व्हय? तुझ्यासारखा कावळ्याचा गळा गोदीत दुसरा कुणाचा होता?"

"मग तू… मग तू सायबाला का न्हाई सांगितलंस?"

"आँ?"

"का न्हाई सांगितलंस!"

"सांगून काय झालं असतं? तुला काढलं असतं. मग मुकादम म्हणून तो वरचा दोरवाला आला असता, आठवतोय का, दुपारीच पिऊन यायचा तो? त्याच्या भरवशावर सात बायका लटकवायच्या? माझा पाय गेलाच हुता. आणखी कुणाचा घालवायचा?" तिने दुसरा मोजा घेतला. "पण राग नव्हता असं समजू नको. लय होता. पहिली पाच वर्षं तू आणलेलं सगळं मी मांजराला घातलं."

"सगळं?"

"सगळं. भोपळ्याची वडी, वांगी, ते तू चुसोकला आणलेलं मटणसुद्धा. मांजर हे एवढं झालं हुतं."

"मग?"

"मग मांजर मेलं. टाकायचं कुठं? म्हणून मीच खाल्लं."

पिल्नामला हसू आलं आणि त्या हसण्याची तिला लाज वाटली. पण दोक्सिम हसत नव्हती. ती तिच्याकडे रोखून पाहत होती.

"तेव्हापासनं तू तो शब्द म्हणायचाच सोडलास म्हणे. बाजारात बायका बोलायच्या. खरं हाय?"

पिल्नामने मान हलवली.

"सून बाळंत झाली तवा?"

"न्हाई म्हटलं."

"आणि तुझा नवरा? पेटीत ठेवला तवा?"

"न्हाई."

दोक्सिमने मोजे खाली ठेवले. इतका वेळ नव्हता तेवढा राग आता तिच्या तोंडावर आला. "अगं, त्यानं काय केलं हुतं? बिचारा दीड वर्ष खोकून खोकून मेला, त्याला तेवढं एक म्हणायला तुझ्या तोंडाला काय झालं हुतं? पडले मी, चुकलीस तू, आणि उपाशी गेला तो. कसला गं हा तुझा हिशेब?"

पिल्नामच्या हे कधी मनातच आलं नव्हतं. आपण स्वतःला शिक्षा करतोय, असं ती समजत होती. भाकरी आपण टाकली तर भूक आपलीच, असा तिचा सरळ समज. नवऱ्याचा चेहरा तिला आठवला, कॉलर नीट करताना दिसलेला. तो मेलेला होता, त्याला काय कळणार होतं, हे खरं. पण तिला कळायला हवं होतं. तिला रडू आलं नाही. ती ऊबदार जमिनीवर हात टेकून बसून राहिली.

"मी त्या दिवशी पडले का असंना, खाली तर आले," दोक्सिम म्हणाली. "तू अजून वरच हायस. म्हण बघू आता. मला म्हण."

पिल्नामने तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली. आवाज आला नाही.

"न्हाई येत," ती म्हणाली.

"आँ?"

"येत न्हाई!"

"गंज चढलाय." दोक्सिमने डब्याचं फडकं सोडून आत डोकावलं. "बांगडा लहान आणलास. उद्या नवाला निघणार हाय मी. खाली गाडीपाशी ये. तवा म्हण. आज रात्रभर घरात म्हणून बघ, जमंल."

"येते," पिल्नाम ओरडली. "नक्की येते."

दुसिक तिला पोचवायला म्हणून पायऱ्या उतरला. तिने नको म्हटलं तरी पुढे राहिला, निसरड्या पायरीवर हात दिला. खाली दिव्याच्या खांबापाशी थांबला.

"मावशी, मी ऐकलं."

"व्हय. ऐकलं असशील."

"मी नऊ वर्षांचा होतो. आईला पाठीवर घेऊन संडासला न्यायचो, माहीत आहे ना तुम्हाला? गल्लीतली दोन मुलं पुढून चालायची, लोकांना सरका म्हणायची." त्याचं शुद्ध बोलणं आता सुटायला लागलं होतं. "मी तिला एकदा म्हणालो हुतो. म्हणालो, आई, नीट बघायचं हुतंस की, दोरी कशाला सोडलीस. सगळे म्हणायचे तिचीच चूक, म्हणून मीबी म्हणालो. ती नुसती कोळंब्या सोलत राहिली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "चौतीस वर्षं मी माझ्या आईला वेंधळी समजत आलो, मावशी. आता वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं तेपण त्यातूनच. गॅस चालू ठेवील, पडेल, हिचं लक्ष नसतंच, असं."

पिल्नामने काही म्हणायला तोंड उघडलं. माफ कर, असं काहीतरी. त्याने हात वर केला.

"तिनं तुम्हाला माफ केलं असेल. तिचं ती बघेल. माझं तसं नाही झालं. उद्या सकाळी येऊ नका."

तो वळला आणि दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

पिल्नाम घरी आली. सून जेवायला वाढत होती. तिचं पान वाढून झालं तरी पिल्नाम दारातच उभी होती. सुनेने विचारलं, बरं नाही का. पिल्नाम म्हणाली, पाय दुखतात. रात्री ती अंथरुणावर पडून ओठ हलवत राहिली, आणि एकदा, पहाटेच्या सुमारास, तिच्या तोंडून तो शब्द निघाला. फाटका, खरखरीत. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता. त्याच्याकडे बघून ती पुन्हा एकदा म्हणाली. मग उठून भात लावला.

तिला वाटलं तर ती गेली असती. दुसिक नको म्हणाला तरी गल्ली काही त्याच्या मालकीची नव्हती. पण तो बोलला त्यात खोटं काय होतं? जिथे जायचा हक्क आपण घालवला, तिथे जाऊन उभं राहायचं नाही, एवढं तिला कळत होतं. साडेसातला ती गोदीत होती. हादोंगवालीने हातोडीला पाचर मारली होती. पिल्नामने ती हलवून बघितली आणि परत दिली.

आठला ठोके सुरू झाले. पत्र्याचा, बहिरं करणारा, सगळ्यांना पाठ असलेला आवाज. मुकादमाने फळीवर चढायची गरज नसते, पण टोळी कमी असल्यामुळे पिल्नाम चढायची. त्या दिवशी ती सर्वांत वरच्या फळीवर होती, जिथून कुंपणापलीकडचा रस्ता दिसतो. चढावरून पुलाकडे जायला तोच एक रस्ता.

सव्वानऊच्या पुढे एक करडी गाडी चढ उतरून आली. मागच्या काचेत खोकी दिसत होती. पिल्नामचा हात थांबला. गाडी जाईल, तिला वाटलं. गाडी फाटकासमोर आली आणि थांबली.

दुसिक उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत बसला. मागच्या दाराची काच निम्मी खाली आली, आणि तिथून एक हात बाहेर आला. हात हलला नाही, नुसता बाहेर राहिला.

पिल्नामने हातोडी वर केली. ठोके एकेक करून थांबले. अख्ख्या धक्क्यावर शांतता झाली, इतकी की पाण्याचा आवाज यायला लागला.

"दोरी धरा गं!" ती खाली ओरडली. "सगळ्यांनी! दोन्ही हातांनी!"

पाचहीजणींनी हातोड्या मांडीत दाबल्या आणि दोऱ्या धरल्या. का, ते कुणी विचारलं नाही. पिल्नामने एकेकीकडे बघून घेतलं, पाच. मग ती रस्त्याकडे वळली, कमरेची दोरी ताणली गेली, आणि कावळ्याच्या त्या गळ्यातून पोटातून ओरडली:

"दोक्सिम अक्का! योकपात्ता!"

गाडीपर्यंत ते पोचलं असेल. गाडीत बसलेल्या बाईला ऐकू येणं शक्य नव्हतं. पुढे बसलेल्याला आलं. त्याचं डोकं किंचित खाली झालं, मग गाडी निघाली आणि तो हात पुलाचं वळण येईपर्यंत बाहेर होता.

फळ्यांवरच्या बायकांनी तो शब्द ऐकला होता. सकाळचे साडेनऊसुद्धा वाजले नव्हते. हादोंगवालीने वर पाहिलं, मग शेजारणीकडे पाहिलं. गाठीकडे कुणाचा हात गेला नाही. पिल्नामने परत हातोडी उचलेपर्यंत त्या पाचहीजणी दोन्ही हातांनी दोऱ्या धरून बसल्या होत्या.